न वाढणाऱ्या मुलाची वाढ

नायकाचे वय वाढत नसेल, तर नायक वाढला असे म्हणता येईल काय? कादंबरी लिहिणाऱ्याला हा प्रश्न खोडसाळ वाटण्याचा संभव आहे. आम्हा कादंबरीकारांचे सारे भांडवल म्हणजे काळ. नायकाला मिसरूड फुटते, बाप वारतो, नोकरी लागते, कानशिलावर एखादा पांढरा केस दिसतो, आणि त्या केसाकडे बोट दाखवून आम्ही म्हणतो, पाहा, हा माणूस कसा बदलला! हे हत्यारच हातातून काढून घेतले तर लेखकाने करावे काय?

जपानातील ‘पोकेमॉन’ या हलत्या चित्रांच्या मालिकेने हा प्रश्न सव्वीस वर्षे अंगावर वागवला. 1 एप्रिल 1997 रोजी ती तिथल्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिचा नायक सातोशी, आपल्याकडील मुलांना ठाऊक असलेला ॲश, तेव्हा दहा वर्षांचा होता. 24 मार्च 2023 रोजी त्याची कथा संपली, तेव्हाही तो दहाच वर्षांचा होता. आमचा फास्टर फेणेही वर्षानुवर्षे शाळेतच राहिला. पण त्याची प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, मागच्या पुस्तकाचे देणे पुढच्या पुस्तकावर नाही. ॲशची कथा मात्र एकच, लांबच लांब, एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात जाणारी आहे. म्हणून तिला कादंबरीचे माप लावण्याचा मला हक्क आहे असे मी समजतो.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही अशा वाचकांसाठी चार ओळी. या जगात पोकेमॉन नावाचे नाना तऱ्हेचे प्राणी आहेत. कुणी आग ओकणारे, कुणी पाण्यातले, कुणी वीज सोडणारे. दहा वर्षांची मुले घर सोडून निघतात, हे प्राणी मुठीएवढ्या चेंडूत पकडतात, त्यांना शिकवतात आणि परस्परांशी झुंजवतात. (दहाव्या वर्षी शाळा सोडून भटकायला निघणाऱ्या या मुलांविषयी शाळामास्तर म्हणून मला काय वाटते, ते दिवाळीच्या दिवसांत लिहीत नाही.) मुळात 1996 साली निघालेला हा एक खेळ. त्याचा जनक सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता. नायकाचे जपानी नाव त्याचेच आहे.

पहिल्याच भागात ॲश दिसतो तो कसा? प्रवासाला निघण्याच्या दिवशी हा उशिरा उठतो. गावातल्या प्राध्यापकांकडचे तीनही चांगले प्राणी इतर मुलांनी नेलेले असतात. उरतो तो पिकाचू नावाचा एक पिवळा, हट्टी, उंदरासारखा जीव. तो चेंडूत शिरायला तयार नाही आणि मालकाचे ऐकायलाही नाही. ॲश त्याला दोरीने बांधून ओढत नेतो. वाटेत एक पाखरू पकडता येत नाही म्हणून रागाने दगड मारतो. तो लागतो भलत्याच पक्ष्याला, स्पिअरोला. मग त्या पक्ष्याचा सारा थवा दोघांच्या पाठीस लागतो. भर पावसात, जखमी पिकाचूला पाठीशी घालून, हा पोरगा हात पसरून थव्यापुढे उभा राहतो. तेथे पिकाचूचे मन फिरते.

उतावळा, बढाईखोर, आळशी, पण वेळ आली तर स्वतःचे अंग पुढे करणारा. हा त्याचा पिंड. पुढल्या सव्वीस वर्षांत तो पिंड बदलला नाही, आणि बदलला असता तर मालिका फसली असती. बदलली ती आणखी एक गोष्ट, आणि तिच्याकडे टीकाकारांचे फारसे लक्ष जात नाही. त्यांचा डोळा चषकांवर असतो. ॲश कितव्या फेरीत हरला, कोणाशी हरला, याचे हिशेब मुले मला वर्गात तोंडपाठ म्हणून दाखवतात. पावकी-निमकी ज्यांना येत नाही, त्यांना 2016 साली तो कालोसच्या अंतिम सामन्यात अलेनशी कसा हरला ते बिनचूक येते! पण माझ्या मते त्याची वाढ मोजायची ती त्याने काय जिंकले यावर नव्हे, तर त्याने काय सोडले यावर.

या कथेचा सारा बेत पकडण्याचा आहे. पकडा, साठवा, झुंजवा. आणि तिच्यातले उत्तम प्रसंग मात्र सोडून देण्याचे आहेत. पहिल्याच वर्षात ॲश आपले बटरफ्री हे फुलपाखरू त्याच्या जोडीदारणीबरोबर समुद्रापार जाऊ देतो. ते त्याने सुरवंट असताना पकडलेले, कोषातून बाहेर येताना पाहिलेले. मालकी आणि माया यांतला फरक त्या पोराला तिथे प्रथम कळतो, आणि कळताना तो ढसाढसा रडतो. पुढे पिकाचूलाही तो त्याच्या जातभाईंत सोडून निघतो. पिकाचू धावत परत येतो, ही गोष्ट वेगळी. सोडणाऱ्याने मात्र मनापासून सोडलेले असते.

आणि चारिझार्ड! संबंध मालिकेत कादंबरीकाराला हेवा वाटावा असे प्रकरण असेल तर ते हे. चारमँडर हा शेपटीवर ज्योत असलेला लहानसा जीव. पहिल्या मालकाने त्याला दुबळा म्हणून खडकावर टाकून दिलेले, आणि तो पावसात त्या मालकाची वाट पाहत बसलेला. ॲश त्याला वाचवतो. पुढे तो मोठा होतो, पंख फुटतात, आणि तो ॲशचे ऐकेनासा होतो. ज्याला उराशी धरले तोच उलटला! इंडिगोच्या स्पर्धेत ऐन सामन्यात हा प्रचंड प्राणी मैदानात आडवा होतो आणि ॲश हरतो. घराघरातल्या आईबापांना या प्रसंगाचा अर्थ मुलांपेक्षा लवकर लागावा. लेखकांनी इथे सोपी पळवाट घेतली नाही. चारिझार्डला वठणीवर आणणारे शस्त्र ॲशच्या हाती दिले नाही. पुढे एका झुंजीत चारिझार्ड गोठून पडतो, तेव्हा ॲश रात्रभर त्याचे अंग चोळत बसतो. तळहात सोलवटून निघतात. सकाळी चारिझार्ड त्याचा होतो. आणि थोड्याच काळाने, हाच आपला सर्वांत बळकट सोबती आपल्याहून बलिष्ठ चारिझार्डांत राहून वाढावा म्हणून, ॲश त्याला दरीत मागे ठेवून निघून जातो. स्पर्धा समोर असताना! व्यवहाराच्या दृष्टीने निव्वळ आतबट्ट्याचा सौदा.

एवढे कौतुक केल्यावर दोष सांगितलेच पाहिजेत. प्राण्यांच्या झुंजी हा मुलांचा खेळ का असावा, या प्रश्नाला मालिका सरळ उत्तर देत नाही. प्राण्यांनाच झुंजीची हौस आहे असे म्हणून मोकळी होते. मला ते पटत नाही. दुसरा दोष त्याहून मोठा. दर तीन-चार वर्षांनी नवा खेळ बाजारात येई, त्याबरोबर नवे प्राणी, नवा मुलूख, आणि तो खपवायचा म्हणून ॲशला पुन्हा अडाणी करावे लागे. 2010 साली सुरू झालेल्या युनोवाच्या प्रवासात तर तो कालच घरून निघाल्यासारखा वागतो. त्याच्या आधी सिनो प्रांतात शिंजी नावाच्या कठोर प्रतिस्पर्ध्याने टाकून दिलेल्या चिमचारला त्याने माणसात आणले होते, आणि शिंजीशी झालेल्या अखेरच्या सामन्यात एका मोठ्या नायकाची समज दाखवली होती. ते सारे पाटीवरचे पुसून टाकावे तसे पुसले. दुकानदाराने लेखकाच्या हातातली लेखणी घेतली म्हणजे असे होते. आणि प्रत्येक भागात आकाशात भिरकावले जाणारे ते तीन चोर! सहन करावे किती?

2016 ते 2019 या काळातल्या अलोला बेटांवरच्या प्रवासाला बरीच नावे ठेवली गेली. ॲशचा चेहरा वेगळा काढला, कथा पोरकट केली, अशी ओरड झाली. माझा कौल उलट आहे. आणि तो ॲशला तिथे अखेर शाळेत घातले म्हणून नव्हे. तिथे लिटन नावाचे एक भटके मांजर आहे. एक थकलेला म्हातारा कुत्रा त्याला सांभाळतो. तो कुत्रा एके दिवशी नाहीसा होतो. मृत्यू हा शब्द कोणी उच्चारत नाही, फक्त झाडावरचे पान गळते. ॲश त्या मांजराला पकडायला जात नाही, उपदेश करीत नाही. त्याचे दुःख ओसरेपर्यंत जवळ राहतो. पहिल्या दिवशी पाखरू हाती येईना म्हणून दगड मारणारा मुलगा तो हाच. याच बेटांवर 2019 साली त्याने पहिली मोठी स्पर्धा जिंकली, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये लिऑनला हरवून तो जगज्जेता झाला. जगज्जेतेपद मला फारसे लागले नाही. लिटनचे ते पान लागले.

त्या पहिल्या दगडाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. 1999 साली ॲश घरी परततो, तेव्हा तोच स्पिअरो वाढून फिअरो झालेला असतो आणि रानातल्या लहान पाखरांना छळत असतो. ॲशचा पक्षी पिजॉट त्याला हुसकून लावतो. पण पुन्हा तो येईल, म्हणून ॲश पिजॉटला त्या पाखरांच्या राखणीला ठेवतो आणि परत येईन असा शब्द देऊन जातो. मग मुलुखामागून मुलूख गेले, जुने सोबती अधूनमधून भेटून गेले; पिजॉट मात्र रानातच. पाहणारी मुले मोठी झाली, कामाधंद्याला लागली, आणि तो शब्द लेखक विसरले असे धरून चालली. 2023 च्या अखेरच्या अकरा भागांत तो पक्षी पुन्हा ॲशकडे आला. ॲशच्या लेखी मध्ये गेले ते काही महिने. आठव्या वर्षी तो शब्द ऐकलेला प्रेक्षक मात्र तेव्हा बत्तिशीला आला होता, आणि कुणाकुणाच्या मांडीवर त्याचे स्वतःचे मूल बसलेले होते.