‘कोळ्याचा धागा’ : कथेचा उगम आणि कथाकाराची रीत

जपानी कथाकार र्‍युनोसुके अकुतागावा (१८९२–१९२७) यांची ‘कोळ्याचा धागा’ ही लघुकथा विहारांतील संस्कारवर्गांत मुलांना ‘बुद्धकथा’ म्हणून सांगितली जात असल्याचे आम्ही ऐकले आहे. नरकात पडलेल्या कंदाता नावाच्या दरोडेखोराने आयुष्यात एकदाच एका कोळ्याला जीवदान दिलेले असते. ते स्मरून भगवान बुद्ध त्याच्यासाठी कोळ्याचा धागा खाली सोडतात. कंदाता चढू लागतो. परंतु आपल्यामागून इतरही पापी चढत आहेत हे दिसताच तो धाग्यावर एकट्याचा हक्क सांगतो आणि त्याच क्षणी धागा तुटतो. कथा मनाला भिडणारी आहे, यात शंका नाही. परंतु ती बुद्धकथा आहे काय?

पाली तिपिटकात ही कथा नाही; जातकांतही नाही. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले पॉल केरस यांनी १८९४ मध्ये ‘कर्म’ नावाची एक कथा लिहिली. त्या कथेतील एक भिक्खू मरणोन्मुख दरोडेखोराला कंदाताची हकीकत ऐकवितो. टॉलस्टॉय यांनी त्याच वर्षी तिचा रशियन अनुवाद केला, आणि पुढे कित्येकांनी ती टॉलस्टॉय यांचीच समजली. १८९८ मध्ये डी. टी. सुझुकी यांनी ती जपानी भाषेत नेली. या अनुवादावरून अकुतागावांनी १९१८ मध्ये ‘आकाई तोरी’ या बालमासिकाच्या पहिल्या अंकासाठी आपली कथा रचली. म्हणजे आपण जिला प्राचीन समजतो, ती कथा शिकागोमार्गे जपानला पोहोचलेली आहे.

अकुतागावांनी उसनवारी केली, असा आक्षेप घेणारे घेतात. आम्हांस तो मान्य नाही. जुन्या कथेवर नवी कथा उभारणे ही त्यांची नित्याची रीत होती. ‘राशोमोन’ (१९१५), ‘नाक’ (१९१६) आणि ‘झाडीत’ (१९२२) या तिन्ही कथांचा उगम ‘कोंजाकु मोनोगातारी’ या बाराव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या प्रचंड कथासंग्रहात आहे. एखादा विषय प्रभावीपणे मांडावयाचा तर असामान्य घटना लागते. ती आजच्या जपानात घडल्याचे दाखविले तर अस्वाभाविक वाटते, म्हणून आपण भूतकाळाकडे वळतो, असे स्पष्टीकरण त्यांनी स्वतःच दिले आहे. भूतकाळाचे चित्र रेखाटणे हा त्यांचा हेतू नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘कोंजाकु’चे पहिले पाच खंड भारताविषयी आहेत. त्यांत बुद्धचरित्र आहे, ससजातकातील सशाचे आत्मदानही आहे. परंतु उपरोक्त तिन्ही कथांसाठी अकुतागावा त्या खंडांकडे गेले नाहीत. ते गेले चोर, भुकेले आणि अहंमन्य माणसांनी भरलेल्या लौकिक खंडांकडे. त्यांच्या प्रेरणेचे मूळ श्रद्धेत नसून मनुष्यस्वभावाच्या कुतूहलात होते, असे आम्ही म्हणतो ते याच आधारावर.

‘कोळ्याचा धागा’ लिहिताना त्यांनी काय गाळले, हे पाहिले म्हणजे त्यांचे कसब कळते. केरस यांच्या कथेत कंदाता बुद्धांची करुणा भाकतो. अकुतागावांचा कंदाता काहीच मागत नाही. केरस धागा का तुटला याचे विवरण करतात. अकुतागावांनी ते जवळजवळ वगळले आहे. त्याऐवजी त्यांनी कमळांचे एक सरोवर दिले. सकाळी बुद्ध त्याच्या काठाने फिरत असतात. धागा तुटल्यावर खिन्न मुद्रेने पुन्हा चालू लागतात. कमळांना त्याचे काहीच नाही. या अबोल शेवटामुळे ही कथा उपदेशाच्या पातळीवरून वाङ्मयाच्या पातळीवर गेली, असे आमचे मत आहे.

तथापि वाङ्मयाचा लाभ तो धम्माचा लाभ असतोच असे नाही. कथेतील सुखावती ही महायान परंपरेत अमिताभ बुद्धांची मानली जाते. अकुतागावांनी तेथे शाक्यमुनींना बसविले. हा तपशील आपण सोडून देऊ. परंतु वरून धागा सोडून तारणारा बुद्ध आपण कसा स्वीकारावा? पाली सुत्तांतील तथागत मार्ग दाखवितात. चालावयाचे ते ज्याचे त्याने. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ज्या समाजाने उद्धारकर्त्याची वाट पाहण्यात शतके घालविली, त्याच्या मुलांना पुन्हा आकाशाकडे पाहावयास शिकविणे इष्ट नव्हे.

मग ही कथा टाकून द्यावी काय? नाही. ‘माझे’ म्हणताच धागा तुटतो, हे तिचे मर्म उपादानाविषयीच्या बुद्धवचनांशी सुसंगत आहे. म्हणून ती अवश्य सांगावी; मात्र अकुतागावांची कथा म्हणून सांगावी, तथागतांची म्हणून नव्हे. आमच्या तरुण लेखकांनीही जातके हाती घेताना हाच विवेक बाळगावा. जुनी कथा बदलण्याचा अधिकार कथाकाराला निश्चित आहे. बदललेली कथा बुद्धांच्या नावावर घालण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही.