बालसखी प्रयोग : एक चिकित्सा

नागरी प्राथमिक शाळांतील वंचित मुलांच्या संपादणुकीची चर्चा वडोदऱ्याला वळसा घालून करता येत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये जेथे सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, तेथेच शतकभराने पालिका शाळांतील तिसरीच्या केवळ १९.५ टक्के मुलांना पहिलीच्या पातळीचे गणित येत होते. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्या ‘रेमेडिइंग एज्युकेशन’ (२००७) या शोधनिबंधाचा आरंभबिंदू हाच आहे.

‘प्रथम’ संस्थेची योजना साधी होती. वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवी आणि वाचन व अंकज्ञान पक्के करून घेई. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. वडोदरा व मुंबईतील शाळांना सोडत पद्धतीने बालसखी देऊन तुलना करण्यात आली. दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती.

निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग मूळ वर्गात उरलेल्या मुलांविषयीचा आहे. त्यांचा वर्ग लहान झाला, कच्ची मुले बाहेर गेली, तरी त्यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. पटसंख्या घटली की दर्जा आपोआप सुधारतो, हा शिक्षकांच्या सभांतून हमखास ऐकू येणारा दावा येथे डळमळतो.

मात्र मुख्य निष्कर्षांतील विभागणी मुलांच्या आरंभीच्या गुणांनुसार आहे. समाजानुसार वा घरच्या भाषेनुसार नाही. घरी उर्दूमिश्रित हिंदी बोलणारे मूल आणि घरी गुजराती बोलणारे मूल गुजराती माध्यमाच्या चाचणीत एकाच ओळीत मोजले जाते. पहिल्याची अडचण वाचनाची की भाषेची, हे गुणांवरून कळत नाही. अभ्यासाच्या काळातच, २००२ मध्ये, वडोदऱ्यात दंगल झाली. सोडतीमुळे तिचा परिणाम दोन्ही गटांवर सारखा वाटला गेला असे संख्याशास्त्र म्हणेल, आणि तुलनेपुरते ते योग्यच आहे. परंतु मुस्लिम वस्तीतल्या मुलाचे त्या वर्षी काय झाले, हा प्रश्न सरासरीत विरून जातो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. हजेरी व गळती यांवर योजनेचा परिणाम दिसला नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून गेली होती. बालसखी पटावरच्या मुलासाठी आहे; पटाबाहेरच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

संगणकाचा मोह आपल्या संस्थांना फार, म्हणून एक तुलना नोंदवणे भाग आहे. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणित दिल्याने गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. पण खर्च मुलामागे वर्षाला सुमारे १५ डॉलर, तर बालसखीचा सव्वादोन. कार्यक्रम संपून एक वर्ष झाल्यावर लाभ ०.१० च्या आसपास उरला होता.