सर्पगंधेची राळ : निसर्गजन्य औषधांच्या शोधपद्धतीचे एक परीक्षण

सर्पगंधेच्या मुळापासून रेसर्पीन हे औषध कसे हाती आले, याची हकीकत सामान्यतः दोन रीतींनी सांगितली जाते. एका पक्षाच्या मते हे औषध आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊकच होते. पाश्चात्त्यांनी त्याला केवळ नवे नाव दिले. दुसऱ्या पक्षाच्या मते बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाणारी ही मुळी, १९५२ साली बाझेलच्या प्रयोगशाळेत तिच्यातून शुद्ध संयुग वेगळे होईपर्यंत, केवळ एक लोकसमजूत होती. (प्राचीन ग्रंथांतील सर्पगंधा आणि आजचे हे झुडूप एकच होय किंवा नाही, हा वाद येथे बाजूस ठेवणे इष्ट.) दोन्ही कथनांत एक समान उणीव आहे. १९३१ ते १९५२ या एकवीस वर्षांत काय घडले, आणि जे घडावयास हवे होते ते का घडले नाही, याचा विचार दोन्हींत आढळत नाही.

१९३१ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन विकारांवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयाच्या संशोधनशाखेत सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी त्याच मुळीतून अनेक स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील एकास ‘अजमलीन’ हे नाव दिले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे काम उच्च दर्जाचे होते, आणि ते वायाही गेले नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध म्हणून अजमलीनला पुढे वैद्यकात स्थान मिळाले. परंतु ज्या शामक गुणासाठी मुळीची ख्याती होती, तो गुण या स्फटिकांत पुरेसा दिसेना.

तो गुण मागे उरलेल्या राळेत होता. हे असे का व्हावे, याचे उत्तर निष्कर्षणाच्या रीतीतच सापडते. अल्कलॉइडे मिळविण्याची रूढ पद्धत अशी की, अर्क आम्लयुक्त पाण्याशी घुसळावा. अल्कधर्मी संयुगे लवणरूपाने पाण्यात उतरतात व तेलकट, राळयुक्त भाग मागे राहतो. रेसर्पीन अल्कलॉइड असले तरी फार दुर्बळ अल्कधर्मी आहे. ते पाण्याकडे न वळता राळेलाच धरून राहते. चांगले स्फटिक देणारी प्रबळ अल्कधर्मी द्रव्ये रसायनज्ञाच्या हाती आली, आणि रोग्याला ज्याची गरज होती ते द्रव्य चिकट गाळात राहिले. पद्धतीने जे दाखविले तेच मुळीतील सार होय, असे गृहीत धरण्याचा हा परिणाम होता.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. राळयुक्त अंशात निद्राकारक गुण आहे, ही नोंद भारतीय संशोधकांनीच १९४४ साली प्रसिद्ध केली होती. म्हणजे दिशा सापडली होती, ती छापूनही आली होती. तरी त्या अंशातून शुद्ध संयुग निघावयास आणखी आठ वर्षे लागली आणि ते बाझेल येथे, सिबा या कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्यूलर, श्लिट्लर व बाइन यांच्या हातून निघाले. तिघांपैकी बाइन हे औषधिक्रियाविज्ञानाचे अभ्यासक होते, हा तपशील दुय्यम नव्हे. येथे रसायन व प्राण्यांवरील परीक्षण एकत्र नांदत होते. गुण ज्या अंशात दिसेल त्याचाच पाठपुरावा शुद्ध द्रव्यापर्यंत करता येत होता. केवळ साधनसामग्रीच्या तुटवड्याने भारतातील विलंबाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. कलकत्त्याचे निरीक्षण आणि दिल्लीचे स्फटिक यांची गाठ घालून देणारी व्यवस्था नव्हती, असेच म्हणावे लागेल.

मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांचे काम या संदर्भात वेगळ्या मापाने मोजले पाहिजे. त्यांचा ब्रिटिश हार्ट जर्नलमधील निबंध १९४९ चा, म्हणजे रेसर्पीनच्या तीन वर्षे आधीचा आहे. त्यांनी शुद्ध संयुगाची वाट पाहिली नाही. मुळीच्याच गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन फलिताची नोंद ठेवली. पाश्चात्त्य जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले ते मुख्यतः या निबंधामुळे. १९५७ चे लास्कर पारितोषिक त्यांना मिळाले, याचा उल्लेख अभिमानाने होतो. निबंधाची कार्यपद्धती मात्र क्वचितच वाचली जाते.

चीनमधील आर्टेमिसिनीनच्या शोधाशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तू योयो यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीचे अर्क हिवतापावर कधी गुणकारी, कधी निष्फळ असे आढळत होते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती आहे. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा तर्क त्यांनी केला. १९७१ साली कमी तापमानास ईथरने काढलेला अर्क प्राण्यांतील हिवतापावर पूर्ण प्रभावी ठरला, व पुढील वर्षी शुद्ध संयुग मिळाले. जुन्या ग्रंथाचा उपयोग येथे प्रमाण म्हणून नव्हे, तर कृतीतील एक तपशील म्हणून झाला, आणि निर्णय प्रत्येक वेळी उंदरावरील परीक्षणाने दिला.

वनस्पतिरसायनाच्या पदव्युत्तर प्रबंधांत आजही प्रस्तावनेत वनस्पतीचा परंपरागत उपयोग सांगण्याची आणि नंतरच्या प्रकरणांत त्या उपयोगाचा मागमूसही न ठेवण्याची प्रथा दिसते. कोणती संयुगे वेगळी झाली, त्यांचे वर्णपट काय, हे काटेकोरपणे दिलेले असते. मूळ अर्कात गुण होता काय, तो कोणत्या अंशात गेला, आणि उरलेल्या भागाचे वजन किती व त्याचे काय केले, यांविषयी बहुधा मौन असते. स्फटिक न देणाऱ्या अंशाची तर अनेकदा नोंदही होत नाही. सिद्दिकी यांच्या काळी शेजारच्या विभागात परीक्षणाची सोय असणे दुर्मीळ होते. आज अनेक विद्यापीठांत ती एका आवाराच्या आत आहे, आणि तरीही राळेची बाटली प्रबंध सादर झाल्यावर धुतली जाते.