'साठी' आणि 'ची' : 'वॉकिंग अलोन अँड मार्चिंग टुगेदर' या ग्रंथातील राज्यस्तरीय अंध-संघटनेचे चित्रण

प्रास्ताविक

अंध व्यक्तींच्या संदर्भात मराठीत दोन शब्द सर्रास वापरले जातात : संस्था आणि संघटना. संस्था अंधांसाठी असते, संघटना अंधांची असते. संस्थेला आश्रयदाते, विश्वस्त आणि लाभार्थी असतात, तर संघटनेला सभासद, वर्गणी आणि निवडणूक. षष्ठीचा एक प्रत्यय आणि एक शब्दयोगी अव्यय यांच्यातील हा भेद वरवर व्याकरणाचा वाटला, तरी अमेरिकेतील अंधांच्या चळवळीचा पन्नास वर्षांचा इतिहास याच भेदाभोवती फिरला आहे. या इतिहासाचा सर्वात विस्तृत आलेख म्हणून फ्लॉइड मॅटसन यांच्या 'वॉकिंग अलोन अँड मार्चिंग टुगेदर' या ग्रंथाकडे पाहावे लागते. १९४० ते १९९० हा कालखंड व्यापणारा आणि हजाराहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ १९९० मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेनेच आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रसिद्ध केला. राज्य पातळीवरील संघटना चालविणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथातून कितपत मिळते आणि ते कोठे निसटते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ग्रंथकर्त्याची भूमिका प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. मॅटसन हे संघटनेचे संस्थापक अध्यक्ष जेकोबस टेनब्रोक यांचे सहलेखक होते. अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांच्या युद्धकालीन स्थानबद्धतेवरील 'प्रेज्युडिस, वॉर अँड द कॉन्स्टिट्यूशन' (१९५४) आणि अंधांच्या शासकीय साहाय्यावरील 'होप डिफर्ड' (१९५९) या दोन्ही ग्रंथांवर टेनब्रोक यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. म्हणजेच हा इतिहास आतल्या माणसाने लिहिलेला आहे. आतला माणूस असणे हा दोष नव्हे. आपल्याकडील सत्यशोधक वा कामगार चळवळीचे पुष्कळसे लेखनही आतल्या माणसांनीच केले आहे. मात्र अशा लेखनाला आपल्या घरातील भांडणे लिहिताना जी कसोटी लागते, ती येथेही लागते.

राज्य हे एकक का?

भारतीय वाचकाला प्रथम पडणारा प्रश्न असा, की राष्ट्रीय संघटना असताना राज्यस्तरीय संघटनेला एवढे महत्त्व का? ग्रंथातील आरंभीची प्रकरणे या दृष्टीने मूल्यवान आहेत. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील अंधशाळेत न्यूएल पेरी हे गणिताचे अंध शिक्षक होते. म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनही अमेरिकेतील विद्यापीठांनी त्यांना अध्यापकाची जागा दिली नाही. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकत्र करून १९३४ मध्ये कॅलिफोर्निया कौन्सिल ऑफ द ब्लाइंडची स्थापना केली. टेनब्रोक हे याच पेरी यांचे विद्यार्थी. १९११ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या टेनब्रोक यांची दृष्टी बालपणातील अपघातानंतर क्रमाक्रमाने गेली आणि पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. राष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९४० मध्ये, पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी या गावी. सात राज्यांतील मूठभर प्रतिनिधी तेथे जमले होते. क्रम लक्षणीय आहे : आधी राज्य, मग राष्ट्र.

हा क्रम योगायोगाने आला नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या दहाव्या भागाने गरजू अंधांना साहाय्य देण्यासाठी राज्यांना केंद्रीय अनुदान देऊ केले, परंतु योजना राबवायची होती राज्यांनी. पात्रता कोणी ठरवायची, रक्कम किती, नातेवाइकांची जबाबदारी किती, हे सारे राज्यांच्या कायद्यांत आणि जिल्हा कार्यालयांत ठरत असे. पुढे १९३९ च्या दुरुस्तीने व्यक्तीचे सर्व उत्पन्न विचारात घेण्याचे बंधन राज्यांवर आले. परिणाम असा झाला, की एखाद्या अंध व्यक्तीने पियानो दुरुस्त करून महिन्याला वीस डॉलर मिळविले तर तिच्या साहाय्यातून तेवढेच कापले जावे. श्रम करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला एकाच पंक्तीत बसविणारी ही व्यवस्था होती. पेनसिल्व्हेनिया आणि मिसुरी या राज्यांची स्वतःची निवृत्तिवेतन योजना या तत्त्वात बसत नसल्यामुळे त्यांना केंद्रीय अनुदानापासून दूर ठेवण्यात आले होते. संस्थापक सात राज्यांत ही दोन्ही राज्ये होती, हे पाहिले म्हणजे विल्क्स-बॅरीच्या सभेमागील निकड कळते. अखेर १९५० च्या दुरुस्तीने अंधांच्या मासिक मिळकतीपैकी पहिले पन्नास डॉलर वगळण्याची तरतूद केली. पन्नास डॉलरचे हे कलम ग्रंथातील कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलके आहे, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

भाषणांचा ग्रंथ

येथेच ग्रंथाच्या रचनेचा प्रश्न उपस्थित होतो. मॅटसन यांनी अध्यक्षीय भाषणे आणि अधिवेशनातील भोजनसमारंभाची भाषणे ठिकठिकाणी संपूर्ण उद्धृत केली आहेत. त्यामुळे दस्तऐवज म्हणून ग्रंथाचे मोल वाढले आहे, पण इतिहास म्हणून त्याची गती खुंटली आहे. अध्यक्ष बदलला की प्रकरण बदलते आणि अधिवेशन भरले की इतिहास पुढे सरकतो. दोन अधिवेशनांमध्ये जे तीनशे साठ दिवस असतात, त्यांत संघटना चालविणारी माणसे काय करीत होती, हे वाचकाला फारसे समजत नाही.

वास्तविक राज्यस्तरीय संघटना चालते ती त्या तीनशे साठ दिवसांवर. घटक संघटनेचा अध्यक्ष बहुधा बिनपगारी असतो. दिवसा आपली नोकरी किंवा दुकान सांभाळून तो संध्याकाळी दूरध्वनीवर बसतो. विधिमंडळाचे सत्र केव्हा सुरू होते, विधेयक कोणत्या समितीकडे गेले आहे, सुनावणीला राजधानीपर्यंत किती सभासद येऊ शकतील आणि त्यांच्या प्रवासखर्चाचे काय, हे त्याचे प्रश्न असतात. गावोगावच्या शाखांना पत्रके पाठवायची तर ती ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित स्वरूपात आणि छापील अशी तीन प्रकारे काढावी लागतात. एका सभासदाला अंध म्हणून भाड्याचे घर नाकारले गेले, दुसऱ्याच्या मुलीला शाळेत ब्रेल शिकविण्यास नकार मिळाला, तिसऱ्याला संरक्षित कार्यशाळेत किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळते आहे, अशी वेगवेगळी गाऱ्हाणी एका मागणीत कशी गुंफायची, हे खरे संघटनाकौशल्य होय. यांतील शेवटचे गाऱ्हाणे १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्यानेच वैध ठरविलेले होते, ही त्यातील विदारक बाब. अंध कामगाराला कमी मजुरी देण्याची परवानगी कायद्याने दिली आणि ती वापरणाऱ्या कार्यशाळा पुष्कळदा अंधांसाठी म्हणून स्थापन झालेल्या संस्थांच्याच होत्या. 'साठी' आणि 'ची' यांतील अंतर येथे मजुरीच्या पाकिटात मोजता येते.

कोणत्याही शिक्षक संघटनेत वा पतसंस्थेत काम केलेल्या वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. इतिवृत्त कोणी लिहिले, हिशेब कोणी तपासला, सभेला गणसंख्या भरली काय, या गोष्टींना आपल्याकडील स्मरणिकांतही शेवटचे पान मिळते. मॅटसन यांनी तेवढेही दिलेले नाही, ही त्यांच्या ग्रंथाची मोठी उणीव मानावी लागेल.

संघटित होण्याचा हक्क

ग्रंथाचा सर्वात सकस भाग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धासंबंधीचा आहे. राज्य शासनांच्या अंध-कल्याण यंत्रणा आणि खासगी संस्था यांना अंधांची स्वतंत्र संघटना अडचणीची वाटू लागली. साहाय्य, प्रशिक्षण आणि दुकानाचा परवाना या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध सभेत बोलणे सोपे नव्हते. १९३६ च्या रँडॉल्फ-शेपर्ड कायद्यानुसार शासकीय इमारतींत विक्रीकेंद्र चालविणारा अंध विक्रेता हा परवाना देणाऱ्या राज्ययंत्रणेवर सर्वस्वी अवलंबून होता. त्याने संघटनेचे सभासद व्हावे की नाही, हा म्हणूनच पोटापाण्याचा प्रश्न होता. १९५७ मध्ये तत्कालीन सिनेटर जॉन एफ. केनेडी यांनी अंधांच्या संघटित होण्याच्या आणि शासनाने त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करण्याच्या हक्काचे विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहात वॉल्टर बेअरिंग यांनी तशाच आशयाचे विधेयक आणले. १९५९ मध्ये सुनावण्या झाल्या, पण विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही. हा पराभव ग्रंथात जवळजवळ विजयासारखा वाचला जातो. सुनावणीमुळे राज्याराज्यांतील अनुभव अभिलेखावर आले हे खरे, तरीही कायदा झाला नाही याची कारणमीमांसा अधिक कठोरपणे व्हावयास हवी होती.

याच सुमारास संघटना आतून फुटत होती. शुभेच्छापत्रे टपालाने घरोघर पाठवून निधी जमविण्याच्या उपक्रमामुळे १९५० च्या दशकात राष्ट्रीय संघटनेकडे प्रथमच मोठा पैसा आला. पैशाबरोबर प्रश्न आले : खर्चाचा अधिकार कोणाचा, अध्यक्षाचे अधिकार किती, घटक राज्यांनी बहुमताचा निर्णय कितपत पाळावा? १९६० मध्ये काही राज्य संघटना निलंबित झाल्या. १९६१ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात टेनब्रोक यांनी अध्यक्षपद सोडले आणि बाहेर पडलेल्यांनी अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड ही वेगळी संघटना काढली. मॅटसन या कलहाला यादवी म्हणतात, परंतु तिची हकीकत एका बाजूनेच सांगतात. असंतुष्टांचे म्हणणे त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही, ते केवळ खंडनासाठी येते. संघराज्य संकल्पनेवर रचलेल्या संघटनेत केंद्राचे आदेश कोठे संपतात आणि राज्याची स्वायत्तता कोठे सुरू होते, हा प्रश्न व्यक्तींच्या स्वभावदोषांवर ढकलण्यासारखा नव्हता. तो तसा नव्हता याची साक्ष पुढील काळानेच दिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय संघटना आणि तिची कॅलिफोर्नियातील शाखा यांच्यात फूट पडून नाव कोणी वापरायचे याबद्दलचा वाद न्यायालयात गेला. पेरी यांनी जेथे पायाचा दगड ठेवला, तेच हे राज्य.

आयोवा : चळवळ आणि शासन

केनेथ जर्निगन यांच्या आयोवा पर्वाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. टेनेसीत वाढलेले आणि कॅलिफोर्नियात प्रशिक्षक म्हणून काम केलेले जर्निगन १९५८ मध्ये आयोवा राज्याच्या अंध आयोगाचे संचालक झाले. अंधांच्या पुनर्वसनात हे राज्य त्या वेळी देशात तळाशी होते. डे मॉइन येथील जुन्या वायएमसीए इमारतीत त्यांनी निवासी प्रशिक्षणकेंद्र उभारले. अंशतः दृष्टी असलेल्यांनीही डोळ्यांवर पट्टी बांधून लांब पांढरी काठी घेऊन शहरात फिरावे, सुतारकामाची यंत्रे चालवावीत, स्वयंपाक करावा, असा तेथील दंडक होता. अंधत्व ही शोकांतिका नसून योग्य शिक्षण आणि संधी मिळाल्यास ती केवळ एक गैरसोय ठरते, हे त्यांचे सूत्र तेथे रोजच्या वेळापत्रकात उतरले. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वतीने त्यांच्या कार्याचा गौरव झाला आणि त्याच वर्षी टेनब्रोक यांच्या निधनानंतर ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

गुंता येथे आहे. शासनाच्या अंध-यंत्रणेवर अंकुश ठेवणाऱ्या संघटनेचा प्रमुख हाच एका राज्यात त्या यंत्रणेचा प्रमुख होता. प्रशिक्षणार्थी उद्याचा सभासद होता आणि सभासद उद्याचा कर्मचारी. यातून विलक्षण ऊर्जा निर्माण झाली यात शंका नाही. तथापि आयोवातील एखाद्या अंध नागरिकाला आयोगाविरुद्ध तक्रार करावयाची असती, तर त्याने कोणत्या संघटनेचे दार ठोठवावे? १९५९ च्या सुनावण्यांत इतर राज्यांतील यंत्रणांना जो प्रश्न विचारला गेला, तोच येथे उलट दिशेने विचारता येतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थानिक वृत्तपत्राने आयोगाच्या कारभारावर टीका केली आणि १९७८ मध्ये जर्निगन यांनी संचालकपद सोडले. ग्रंथाचा सूर या संदर्भात सर्वस्वी समर्थनाचा आहे. टीका हेतुपुरस्सर होती असे क्षणभर मानले तरी रचनेचा प्रश्न उरतोच. चळवळीने शासन हाती घेतल्यावर चळवळीचे काय होते, हा प्रश्न सहकार क्षेत्राचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकाला नवा नाही.

भारतीय संदर्भात हा ग्रंथ वाचताना एक साम्य ठळकपणे दिसते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत विकलांग आणि काम करण्यास अक्षम व्यक्तींना साहाय्य हा विषय आहे, तर १९९५ आणि २०१६ चे अपंगविषयक कायदे संसदेने केले. हक्क दिल्लीत लिहिला जातो, पण त्याची बिंदुनामावली राज्यात तयार होते. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात तीन टक्के आरक्षणाची गणना संवर्गातील एकूण रिक्त पदांवर करावी, केवळ निश्चित केलेल्या पदांवर नव्हे, असा निर्णय दिला. हे नाव धारण करणारी भारतीय संघटना वेगळी आहे, परंतु नावातील 'ऑफ' हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या नावात 'फॉर' आहे. या दोन शब्दांच्या वाटा आपल्याकडे अमेरिकेइतक्या कडवटपणे विभक्त झाल्या नाहीत. कार्यकर्ते, ग्रंथालये आणि ब्रेल छपाईची साधने यांची येथील टंचाई हे त्याचे एक कारण असू शकेल.

मॅटसन यांच्या ग्रंथाबरोबर दुसरा एक ग्रंथ वाचणे आवश्यक ठरते. जेम्स व मार्जरी मेगिव्हर्न यांचा 'पीपल ऑफ व्हिजन' हा अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंडचा इतिहास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये जे सभागृह सोडून गेले, त्यांच्या वारसांचा तो इतिहास आहे. एकच अधिवेशन दोन दारांतून पाहण्याची सोय त्यामुळे झाली आहे. अध्यापकांनी सामाजिक चळवळींच्या अभ्यासक्रमात यांपैकी एकच ग्रंथ नेमणे योग्य होणार नाही. राज्य शाखांची इतिवृत्ते, ठराव आणि हिशेबाची पाने हा तिसरा स्रोत या दोहोंच्या शेजारी ठेवावा लागेल, कारण पन्नास डॉलरच्या कलमासाठी राजधानीच्या गाडीत कोण बसले होते, याचा उलगडा त्याच कागदांतून होण्याचा संभव आहे.