पडद्यावरील प्रयोग आणि मोजमापाचा संस्कार : भौतिकशास्त्र व गणिताच्या अध्यापनातील सिम्युलेशनची चिकित्सा (भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशने विनामूल्य असून त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. गणितासाठी मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये आरंभिलेले ‘जिओजेब्रा’ सर्वपरिचित आहे. ज्या ग्रामीण महाविद्यालयांत उपकरणांची चणचण असते, तेथे ही साधने वरदान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रयोगशाळेला पूरक म्हणून आलेले साधन तिचा पर्याय ठरू लागले, तर विद्यार्थी नेमके काय गमावतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

साधनाचे सामर्थ्य

सिम्युलेशनचे खरे बळ अदृश्य राशी दृश्य करण्यात आहे. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेत दिसत नाहीत, पडद्यावर दिसतात. फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्युत परिपथ पडद्यावर जोडून शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्ष उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनात्मक प्रश्नांत सरस ठरले. इतकेच नव्हे, तर खरा परिपथ जोडून त्याचे कार्य समजावून सांगण्यातही ते पुढे होते. हा निष्कर्ष दुर्लक्षिता येणार नाही. मात्र त्यातील एक बाब लक्षणीय आहे. पडद्यावरील शिक्षणाची एक कसोटी खरी तार आणि खरा दिवा हीच होती.

लंबक : त्रुटीचे शिक्षण

‘फेट’च्या लंबकात दोऱ्याची लांबी, वस्तुमान, घर्षण व गुरुत्वाकर्षण बदलता येते. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल पृथ्वीवर सुमारे २ सेकंद, तर चंद्रावर सुमारे ४.९ सेकंद असतो, ही तुलना कोणत्याही प्रयोगशाळेत शक्य नाही. परंतु तेथे आवर्तकाल मोजणारे तयार घड्याळही हाताशी असते आणि अडचण इथेच आहे.

प्रत्यक्ष प्रयोगात स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली असे मानू. एकच आंदोलन मोजल्यास ही त्रुटी सुमारे १० टक्के होते. ‘जी’चे मूल्य आवर्तकालाच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्यात ती सुमारे २० टक्क्यांवर जाते. वीस आंदोलने मोजल्यास तीच त्रुटी ‘जी’मध्ये सुमारे १ टक्का उरते. वीस आंदोलने का मोजायची, या प्रश्नाचे उत्तर हातून चूक झाल्याशिवाय उमगत नाही. जेथे चूक होण्याची सोयच नाही, तेथे त्रुटीचे गणितही निरर्थक वाटू लागते.

याहून मूलभूत मुद्दा असा की, पडद्यावरील लंबक सूत्रानुसार हलतो, कारण सूत्र त्यात आधीच लिहिलेले असते. अशा लंबकाने नियमाचे स्पष्टीकरण होते, पडताळणी होत नाही. हा भेद पुसला गेला, तर विज्ञान हे निरीक्षणातून उभे राहते ही जाणीवच क्षीण होते.

तलावाची पाळ : प्रतिरूपाबाहेरचे वास्तव

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देणारे माजी मालगुजारी तलाव आणि पवनी तालुक्यातील वैनगंगेवरचे गोसेखुर्द धरण येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. मोठ्या तलावात पाण्याचा दाब अधिक असतो, हा गैरसमज दाबविषयक सिम्युलेशनने सहज दूर होतो. दाब विस्तारावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. १० मीटर खोलीवर पाण्यामुळे येणारा दाब सुमारे ९८,००० पास्कल. उभ्या भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवरील एकूण बल म्हणजे दाबाच्या आलेखाखालील त्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणजेच सुमारे ४,९०,००० न्यूटन. हा त्रिकोण ‘जिओजेब्रा’त रेखाटता येतो आणि संकलनाची संकल्पना तेथे साकार होते.

मात्र मातीची पाळ तळाशी रुंद का, याचे पूर्ण उत्तर या त्रिकोणात नाही. मातीच्या उताराची स्थिरता आणि पाण्याचा पाझर हीही त्याची कारणे आहेत व ती पडद्यावर येत नाहीत. प्रतिरूपाने काय वगळले, हे प्रतिरूप स्वतः सांगत नाही. ते अध्यापकालाच सांगावे लागते.

निष्कर्ष

सिम्युलेशनला विरोध करण्याचे कारण नाही; त्याचे स्थान निश्चित करण्याची गरज आहे. विद्यार्थ्याने प्रथम अनुमान लिहावे, ते पडद्यावर तपासावे, नंतर दोरा, दगड व घड्याळ घेऊन स्वतः मोजमाप करावे आणि दोन्हींतील फरकाची कारणमीमांसा करावी, असा क्रम प्रात्यक्षिकांत स्वीकारता येईल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मूल्यमापनातही उत्तराच्या अचूकतेइतकेच गुण या कारणमीमांसेला असावेत. उपकरणांची उणीव आभासी प्रयोगांनी झाकली गेली, तर त्याची किंमत पर्यायी सोयी नसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यालाच मोजावी लागेल. त्याच्या हाती पदवी पडेल, परंतु मोजमापाचा संस्कार होणार नाही.