स्मरणिका आणि जनरल रजिस्टर

शाळेला पन्नास किंवा शंभर वर्षे झाली की स्मरणिका निघते. आकुर्डी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या अशा काही स्मरणिका मी वाचल्या आहेत. 'आमच्या शाळेचा इतिहास' हा त्यांतला लेख अलीकडे विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतला जातो. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०१८ पासून इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास ही प्रकरणे आली. वंचितांच्या इतिहासाचाही तेथे उल्लेख आहे. तेव्हा मुलांनी आपल्याच शाळेचा शोध घ्यावा ही कल्पना चांगलीच आहे. प्रश्न आहे तो त्या शोधाला कोणती भाषा हातात दिली जाते याचा.

ती भाषा ठरलेली आहे. रोपट्याचा वटवृक्ष होतो, ज्ञानगंगा दारी येते, आणि संस्थापक 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य' करतात. यातला 'दान' हा शब्द मला सर्वांत अधिक खटकतो. दान म्हटले की देणारा वर आणि घेणारा ओशाळा. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी नेमकी उलट मांडणी केली होती. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग उचलतात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. ज्याच्या पैशावर शाळा चालते त्यालाच स्मरणिका याचक ठरवते आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले ते वाक्य निमूटपणे उतरवून काढतात. ही मुले कोणाची आहेत? पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे इकडे लोटली. १९७० ची नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली. या उलथापालथीत आलेल्यांची ती नातवंडे. त्यांच्या आजोबांच्या घामाला लेखात एक ओळ मिळत नाही. कोनशिलेला अख्खा परिच्छेद मिळतो.

शाळेत शिकणाऱ्याने शाळेबाहेरच्या आपल्या माणसांचा इतिहास लिहावा, याचा वस्तुपाठ आपल्याकडे फार जुना आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने शाळेची आरती ओवाळली नाही. शिकल्यावर काय दिसू लागले, ते तिने लिहिले.

दुसरा वस्तुपाठ साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. योग्यच आहे. पण त्या पानाचेही आता देवघरातल्या तसबिरीसारखे होऊ लागले आहे. १९१४ ला हार पडतो. १९१३ आणि १९१५ ही मुले कोण होती, त्या पानावर आणखी कोणत्या जाती होत्या, कोणत्या नव्हत्या, हे कोणी विचारीत नाही. शिवाय रजिस्टर सगळे बोलतही नाही. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, शिपायाने पाणी ओतले तरच प्यायला मिळे, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिले म्हणून आपल्याला कळले. रजिस्टरात गोणपाटासाठी रकाना नसतो.

आणि ज्याला आतच घेतले नाही त्याचे काय? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याची बाजू न्यायाची आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, आणि तरीही लोकांच्या पूर्वग्रहांकडे बोट दाखवून त्याला बाहेरच ठेवले. शाळेच्या इतिहासात तो मुलगा येतो की नाही? माझ्या मते त्याच्यापासूनच इतिहास सुरू होतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, संस्थापकांच्या चरित्राआधी जनरल रजिस्टर मागा. मिळेलच असे नाही. एका मुख्याध्यापकांनी आमच्या मुलांना 'जातीचे काय उकरून काढता' असे म्हणून परत पाठवले. त्यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे: आज वर्गात बसणाऱ्या कोणाची जात चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणालाच नाही. जुनी पाने वाचावीत, नावे झाकून वाचावीत. परंतु रकाना शाळेनेच आखला होता. तो वाचणारा जातीयवादी कसा ठरतो?

वाचले तर पुष्कळ दिसते. ओळीने १ जून ही जन्मतारीख येते. शाळा जूनमध्ये भरते, पहिलीला वय भरावे लागते, आणि घरी कोणी तारीख लिहून ठेवलेली नसते. म्हणून गुरुजी ती घालीत. माझाही वाढदिवस १ जूनचाच. १९५६ च्या धर्मांतरानंतर जात-धर्माच्या रकान्यात शब्द बदलतात, कोठे 'नवबौद्ध' येतो, कोठे जुनेच नाव राहते. देहूरोडला १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तिथून दोन कोसांवरच्या शाळेच्या रजिस्टरात हा बदल कधी पोहोचला, हा एका विद्यार्थ्याच्या उन्हाळी सुट्टीला पुरेल इतका विषय आहे. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडले, हेही त्याला सोबत वाचता येईल. मग शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचे कारण. 'गाव सोडले', 'सतत गैरहजर'. गैरहजर मुलगा त्या दिवशी कोठे होता, वीटभट्टीवर की धाकट्या भावंडांपाशी, हे विचारायला मात्र वस्तीतच जावे लागेल.

हा शोध नुसता अभ्यासाचा नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत किंवा महसुली कागदांत शोधतात. ज्या आजोबाला शाळेने उंबऱ्याबाहेर ठेवले, ज्याच्या नावावर जमीन कधी नव्हती, त्याचा कागद नातवाकडे मागितला जातो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आपला प्रकल्प इथूनच सुरू केला. सहा पानांचा होता, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, आणि संस्थापकांचे नाव थेट चौथ्या पानावर आले होते.