चित्रकथेचा चितारी : प्रताप मुळीक

साहित्याची चर्चा करणाऱ्या मासिकांत चित्रकथेस स्थान द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. मुलांच्या हातीं द्यावयाचीं रंगीत पुस्तकें, यापलीकडे त्यांची योग्यता सुशिक्षित घरांत फारशी मानली जात नाहीं. परंतु महाराष्ट्राबाहेरील कित्येक मुलांस शिवछत्रपतींचा पहिला परिचय झाला तो 'अमर चित्र कथे'च्या पानांवर, हें विसरून चालणार नाहीं. त्या पुस्तकाची संहिता भा. रा. भागवतांची आणि चित्रें पुण्याच्या प्रताप मुळीकांचीं. भागवतांचें नांव 'फास्टर फेणे'मुळें मराठी घरांत सर्वतोमुखी आहे. मुळीकांचें नांव मात्र विचारल्यावांचून कोणी काढीत नाहीं. लिहिणारा ग्रंथकार आणि चित्रें काढणारा कारागीर, असा जो भेद आम्हीं मनांत धरला आहे, तो कितपत न्याय्य आहे याचा विचार येथें कर्तव्य आहे.

अनंत पै यांनीं १९६७ सालीं मुंबईच्या इंडिया बुक हाऊसमार्फत ही माला सुरू केली. पहिलीं दहा पुस्तकें पाश्चात्य परीकथांचीं होतीं. अकरावें 'कृष्ण', आणि त्याचीं चित्रें राम वाईरकरांचीं. वाईरकर व मुळीक या दोघां मराठी चित्रकारांनीं या मालेस जें रूप दिलें, तेंच पुढें तिचें रूप म्हणून ओळखलें गेलें. १९८० नंतरच्या दशकांत मुळीकांनीं अमिताभ बच्चन यांस नायक कल्पून रचलेली 'सुप्रीमो' ही माला चितारली, आणि १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठीं 'नागराज' उभा केला. रेखाटनाच्या अभ्यासाचें त्यांचें पुस्तक ज्योत्स्ना प्रकाशनानें काढलें. जलरंगांचे विख्यात चित्रकार मिलिंद मुळीक हे त्यांचे चिरंजीव होत.

मुळीकांचा मोठा गुण म्हणजे मनुष्यदेहाचें ज्ञान. 'नागराज' ही कल्पना तशी अद्भुतच: हिरव्या कातडीचा पुरुष, अंगावर खवले, मनगटांतून सर्प बाहेर पडताहेत! कच्च्या हाताच्या चित्रकारानें हें हास्यास्पद केलें असतें. मुळीकांच्या हातीं तें पटतें, कारण खवल्यांच्या खालीं स्नायु आहेत, स्नायूंच्या खालीं हाडें आहेत, आणि उभें राहिलेल्या माणसाचा भार पायांवर पडलेला आहे. असत्य कथा सत्य वाटावयाची तर रेषा तरी सत्य असावी लागते. आमच्या कादंबरीकारांनींही हा धडा घेण्यासारखा आहे.

तथापि दोषही सांगितलेच पाहिजेत. चौकटींत जें दिसतें तेंच वरच्या मजकुरांत पुन्हां सांगावयाचें, ही या मालेची खोड. त्यामुळें चित्र बोलूं लागतें न लागतें तोंच शब्द त्याचें तोंड धरतात. शिवाय रविवर्म्याच्या छापील चित्रांपासून चालत आलेला देवादिकांचा व वीरांचा ठराविक साचा या मालेनें फारसा मोडला नाहीं. येथें सर्व दोष चित्रकाराच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. संहिता आधीं ठरावयाची, संपादकानें ती मान्य करावयाची, आणि मग चौकटी भरण्यासाठीं ती चित्रकाराकडे जावयाची, अशा व्यवस्थेंत चित्रकारानें स्वतंत्र विचार करावा तरी कोठें?

इटलीच्या ह्यूगो प्राट याचें उदाहरण या ठिकाणीं उद्बोधक आहे. त्याचा 'कोर्तो माल्तेझे' हा खलाशी याच १९६७ सालीं प्रथम अवतरला. प्राट स्वतःच लिही आणि स्वतःच चितारी. पानेंच्या पानें शब्दांवांचून समुद्र व आकाश यांवर सोडून देण्याचें स्वातंत्र्य त्यास होतें. १९८६ मध्यें, म्हणजे इकडे नागराज जन्मला त्याच वर्षीं, पॅरिसच्या ग्रां पाले या सभागृहांत त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. दोघांच्या गुणांची तुलना आम्ही करीत नाहीं. तेथील टीकाकारांनीं चित्रकथा वाचली, आम्हीं ती केवळ मुलांस आणून दिली, एवढाच भेद आम्ही दाखवितों.

चित्र व अक्षर एकत्र नांदणें ही कांहीं परकीय गोष्ट आहे असेंही नव्हे. आमच्या बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा त्या वस्त्रावर सोळाव्या शतकांतील या संतकवीनें पंचीकरणाचा गहन विषय ओव्यांबरोबर आकृतींनींही समजाविला. तिला कोणी पोरखेळ म्हणत नाहीं; वेदांताचा ग्रंथ म्हणून आम्ही तिच्यापुढें मस्तक नमवितों. मग तोच मार्ग पत्करून इतिहास व पुराण घरोघर पोंचविणाऱ्या चित्रकारास ग्रंथकाराच्या पंक्तीस कां बसवूं नये?

यास उपाय आहे, आणि तो फार खर्चाचाही नाहीं. ग्रंथालयांनीं हीं पुस्तकें फाटेपर्यंत मुलांच्या कपाटांत न ठेवतां एकेक प्रत जतन करावी. सूचींत लेखकाबरोबर चित्रकाराचेंही नांव नोंदवावें. चित्रकलेच्या इतिहासांत चित्रकथेस एक प्रकरण द्यावें. आणि ज्या घरांत हीं पुस्तकें माळ्यावर पडलीं असतील, तेथील वडील मंडळींनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून मजकूर न वाचतां नुसतीं चित्रें पाहावीं. मुळीकांची योग्यता काय होती, तें त्यांस आमच्या लेखापेक्षां त्या चित्रांवरूनच अधिक कळेल.